ब्रायंट पार्क – बाग नव्याने केली म्हणजे नक्की काय केलं?

मिडटाऊनकर

आमच्या गावातली बाजारपेठेमागची मोठी बाग नव्याने करायला घेतायत आणि नगरपालिकेने लोकांकडून सूचना मागवल्यात. भावाने प्लॅनचा फोटो पाठवला. संगीत कारंजं, ओपन जिम, सेल्फी पॉइंट, पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक आणि चहूबाजूंनी डोक्यापेक्षा उंच ग्रिल. बसायला म्हणून ट्रॅकच्या कडेने सिमेंटचे बाक, तेही एकमेकांपासून लांब लांब. शौचालय आहे, पण पार मागच्या कोपऱ्यात पंप हाऊसला लागून. बघून राहवलं नाही म्हणून हा धागा काढतेय.

मी न्यूयॉर्कला ४२व्या रस्त्यावर नोकरी करते आणि ब्रायंट पार्क ऑफिसच्या समोरच आहे. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, पाचव्या आणि सहाव्या अ‍ॅव्हेन्यूच्या मध्ये, पुढे पब्लिक लायब्ररीची ती दोन सिंहांची मोठी इमारत आणि तिच्या पाठीमागे ही बाग. उन्हाळ्यात दुपारी जेवायच्या सुट्टीत गेलात तर खुर्ची मिळायला जरा फिरावं लागतं इतकी माणसं असतात. आणि हीच बाग १९७०च्या दशकात अशी होती की लोक वळसा घालून जायचे पण आतून जायचे नाहीत, गर्द विकणाऱ्यांचा अड्डा झाला होता, 'नीडल पार्क' असंच नाव पडलं होतं.

मला सांगायचंय ते हे, की बाग वाईट होती म्हणून तिथे वाईट लोक आले असं नव्हतं, बाग दिसायला सुंदरच होती. १९३४ साली शहराचे उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांच्या काळात ती नव्याने आखली तेव्हा हेतू चांगला होता, शहराच्या गोंगाटापासून लांब निवांत जागा हवी. म्हणून बाग रस्त्यापेक्षा उंचावर घेतली, भोवती दगडी कठडा, लोखंडी कुंपण, दाट मेंदीसारखी झाडी आणि आत जायला मोजक्याच वाटा. झालं काय की रस्त्यावरून आतलं काही दिसेना. आत बसलेल्याला मात्र कोण येतंय ते बरोबर दिसायचं. धंदा करणाऱ्याला याहून सोयीची जागा कुठली? एकट्या बाईने अशा ठिकाणी डबा घेऊन का बसावं?

१९८०मध्ये ब्रायंट पार्क रिस्टोरेशन कॉर्पोरेशन निघालं, रॉकफेलर बंधूंच्या फंडाची मदत होती, डॅन बीडरमन पुढे. त्यांना सल्ला दिला विल्यम एच. व्हाइट यांनी. हा माणूस वर्षानुवर्षं न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून लोक कुठे बसतात, कुठे उभे राहतात, कशाला टाळतात एवढंच बघत होता. त्यांचं म्हणणं फार सरळ होतं: बागेत पोलीस वाढवून काही होणार नाही, साधी माणसं आत येतील असं करा. १९८८ला बाग बंद केली, एप्रिल १९९२ला उघडली. आराखडा लॉरी ओलिन यांचा. कुंपण काढलं, झाडी छाटली, पायऱ्या रुंद केल्या, कठड्याला नव्या वाटा पाडल्या, उतार केले. आणि खुर्च्या आणल्या. हिरव्या, घडीच्या, हलक्या, सुट्या. साखळी नाही, जमिनीत गाडलेल्या नाहीत.

या खुर्च्यांकडे नुसतं दहा मिनिटं बघा. माणूस येतो, खुर्ची धरतो, थोडी सरकवतो आणि मग बसतो. बऱ्याचदा वीतभर. ऊन तेच, सावली तीच, तरी सरकवतोच. व्हाइट यांनी हे टिपून ठेवलं होतं, की हे सरकवणं म्हणजेच ती जागा आपली करून घेणं. दोघी मैत्रिणी समोरासमोर घेतात, कोणी पाय ठेवायला दुसरी ओढतो, सहा जणांचा ऑफिसचा घोळका गोल करतो, ज्याला एकटं बसायचंय तो पाठ फिरवून बसतो. सिमेंटच्या बाकाने हे कधी होणार नाही.

तुमच्या माहितीतल्या बागा सांगा, आणि भावाने काय लिहून द्यावं तेही सांगा.

हडसनपार

मी ८६ला आलो, पहिली नोकरी ग्रँड सेंट्रलजवळ. पोर्ट अथॉरिटीला बसमधून उतरून ४२व्या रस्त्याने चालत जायचो आणि सहावा अ‍ॅव्हेन्यू आला की आपोआप समोरच्या फुटपाथला जायचो. ऑफिसातल्या सगळ्यांनी पहिल्या दिवशी हेच सांगितलेलं. बागेच्या पायऱ्यांवर पोरं उभी असायची, जाता-येता कानात माल विचारायची. मग मधली चार वर्षं नुसता पत्रा लावलेला होता, आत खोदकाम.

त्या खोदकामाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. हिरवळीच्या खाली लायब्ररीची पुस्तकं आहेत! बाग उकरून खाली दोन मजले केले, वर माती टाकून पुन्हा हिरवळ. वरचा मजला तेव्हाच वापरात आला आणि खालचा कितीतरी वर्षं रिकामा होता, तो २०१७च्या सुमारास पुस्तकांसाठी तयार झाला. आता तिथून पुस्तकं वर वाचनकक्षात छोट्या लाल डब्यांतून रुळावरून जातात. वर लोक चादर टाकून झोपलेले आणि खाली लाखो पुस्तकं, मला याचं फार अप्रूप वाटतं.

९२च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा बायकोला घेऊन तिथे बसलो. तिने विचारलं, तुम्ही सांगायचात ती हीच का बाग.

कट्टा_पश्चिम

हे वाचताना मला सारखं आमचं शिवाजी पार्क आठवत होतं. मैदान म्हणून त्यात काय आहे सांगा, माती. पण भोवतीचा कट्टा! गुडघ्याएवढा उंच, बसायला पुरेसा रुंद, पूर्ण वेढा, आणि मधे मधे आत जायला वाटा. तोंड रस्त्याकडे करा नाहीतर मॅचकडे करा. सकाळी चालणारे, दुपारी क्लास सुटलेली पोरं, संध्याकाळी पेन्शनर, रात्री जेवून आलेली घरची मंडळी. आत समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब, नेट्समध्ये क्रिकेट, पलीकडे नाना-नानी पार्क. रस्त्यावरून सगळं दिसतं आणि आतून रस्ता दिसतो. उद्या कुणी तिथे उंच ग्रिल लावायची म्हटली तर दादरकर रस्त्यावर येतील.

म्हणून मिडटाऊनकर ताई, भावाला सांगा पहिला मुद्दा ग्रिलचा. कट्टा बांधा. ग्रिलच्या पैशात कट्टा होतो आणि वर बसायची जागाही मिळते, तीही बागेच्या घेराएवढी.

अळूवडी

लहान मूल घेऊन जाणाऱ्याच्या बाजूने लिहिते. आम्ही जर्सी सिटीहून शनिवारी जातो. तिथे छोटं कॅरोसेल (बसायच्या घोड्यांचा गोल फिरणारा पाळणा) आहे, फ्रेंच पद्धतीचं, २००२ला बसवलेलं, घोड्यांबरोबर ससा, बेडूक, मांजर पण आहेत. त्याला तिकीट आहे. पण त्याच्या आजूबाजूला जे फुकट आहे तेच जास्त आवडतं आम्हाला. पिंगपाँगची टेबलं आहेत, बॅट-बॉल तिथेच मिळतात. बुद्धिबळाची टेबलं आहेत. पेटांक म्हणून लोखंडी गोळे टाकायचा फ्रेंच खेळ, तो शिकवतात. उन्हाळ्यात योगा, ताई ची, एकदा तर जगलिंग शिकवणारा होता, माझा मुलगा तासभर हलला नाही.

४२व्या रस्त्याच्या बाजूला उघड्यावरचं वाचनालय आहे, झाडाखाली पुस्तकांच्या गाड्या, शेजारी मुलांच्या उंचीच्या खुर्च्या. कार्ड नाही, ओळखपत्र नाही, सही नाही. घ्या, वाचा, ठेवा. हे मुळात १९३५चं आहे, मंदीत ज्यांची नोकरी गेली त्यांना दिवसा सन्मानाने कुठेतरी बसता यावं म्हणून लायब्ररीने सुरू केलं होतं. १९४४ला युद्धामुळे बंद पडलं आणि २००३ला पुन्हा चालू केलं. मला या बागेतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

आणि शौचालय. न्यूयॉर्कमध्ये मूल 'आई सू आली' म्हणालं की काय होतं ते आयांनाच माहीत. इथलं शौचालय लायब्ररीच्या बाजूच्या जुन्या दगडी इमारतीत आहे, दारातून आत गेलं की ताज्या फुलांचा मोठा गुच्छ, हळू आवाजात शास्त्रीय संगीत, आणि कायम एक माणूस पुसायला हजर. २०१७ला पुन्हा नवीन केलं. रांग असते, पण रांगेतल्या बायकांच्या चेहऱ्यावर धास्ती नसते. म्हणून सांगते, कोपऱ्यात पंप हाऊसला लागून शौचालय म्हणजे बायका-मुली तिकडे फिरकणार नाहीत. दिवसासुद्धा.

मिडटाऊनकर

अळूवडी, अगदी! याला जोडून एक. ब्रायंट पार्कची माणसं बागेत किती पुरुष आणि किती बायका आहेत हे मोजतात. बायकांचं प्रमाण घसरलं की काहीतरी बिघडलंय असं धरतात, कारण व्हाइट यांचं निरीक्षण होतं की जागा असुरक्षित वाटायला लागली की पहिल्यांदा बायका यायच्या थांबतात, तक्रार वगैरे न करता. भावाला मी हेच सांगितलं, की आत्ता जी बाग आहे तिथे संध्याकाळी सात वाजता उभा राहा आणि फक्त बायका मोज, नगरपालिकेला दुसरा कुठला अहवाल लागणार नाही.

तळजाई

सगळं छान आहे पण दुसरी बाजू कुणीतरी लिहायला हवी म्हणून लिहितो. ब्रायंट पार्क शहराच्या मालकीचं असलं तरी चालवतं खासगी कॉर्पोरेशन. आजूबाजूच्या इमारतींच्या मालकांकडून ठरावीक वर्गणी, रेस्टॉरंट आणि स्टॉलचं भाडं, प्रायोजक, यावर चालतं, शहराचा पैसा घेत नाहीत. ऐकायला बरं वाटतं, पण मग बाग कुणाची? १९९३पासून कितीतरी वर्षं फॅशन वीकचे मांडव वर्षातून दोनदा हिरवळीवर पडायचे आणि सामान्य माणसाने बाहेरून बघायचं. आता हिवाळाभर दुकानं आणि बर्फाची रिंक, म्हणजे शरद ऋतूपासून वसंतापर्यंत हिरवळ नाहीच. आणि ज्याला घर नाही तो माणूस ९२च्या आधी तिथे झोपायचा, तो नंतर कुठे गेला हे कुणी मोजलं का?

आपल्याकडे हे मॉडेल आणलं तर पुण्यात काय होईल मला दिसतंय. आधी 'संवर्धनासाठी दत्तक', मग बोर्ड कंपनीचा, मग कॅफे, मग पार्किंगची पावती, मग प्रवेश फी. सारसबागेत आज कामगाराचं कुटुंब रविवारी येऊन गवतावर बसून भेळ खातं आणि तळ्यातल्या गणपतीचं दर्शन घेऊन घरी जातं, त्याला कुणी विचारत नाही तू कोण. ते मला कुठल्याही खुर्चीपेक्षा मोलाचं आहे.

मिडटाऊनकर

तळजाई, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही, तो खराच आहे. फॅशन वीकच्या मांडवांवर इथेही लोक चिडलेलेच होते आणि शेवटी २०१०मध्ये ते लिंकन सेंटरला गेले. हिवाळ्यातल्या दुकानांबद्दल माझंही मन साशंक आहे, रिंकवर स्वतःचे स्केट आणले तर फुकट, पण भाड्याचे स्केट स्वस्त नसतात. आणि बेघरांचा प्रश्न बागेने सुटत नाही, तो शहराने सोडवायचा असतो, त्याचं उत्तर खुर्च्यांमध्ये नाही.

पण दोन गोष्टी वेगळ्या करूया. पैसा कुठून येतो ही एक आणि जागा कशी आखली ही दुसरी. कुंपण काढणं, आत डोकावता येणं, हलणारी खुर्ची, समोर दिसणारं शौचालय, दिवसभर हजर असलेला माणूस, यातल्या कशालाही कंपनी लागत नाही. नगरपालिकेला हे सगळं करता येतं. मी तिथलं मॉडेल आणा म्हणत नाहीये, तिथल्या लोकांनी काय बघितलं ते बघा म्हणतेय. आणि प्रवेश फी तर नकोच, ब्रायंट पार्कलाही ती नाही.

तळजाई

हे मान्य. मग माझ्याकडून एक भर घाला: दुपारी बंद ठेवू नका. आमच्याकडे बऱ्याच बागा सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघड्या, मधल्या वेळात गेटला कुलूप. उन्हात ज्याला सावलीची गरज आहे, रिक्षावाला, डिलिव्हरीवाला पोरगा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, सरकारी दवाखान्यात नातेवाईक असलेला, तो नेमका तेव्हाच बाहेर.

एडिसनची_आजी

मी सुनेबरोबर गेले होते. मला खाली गवतावर बसता येत नाही आणि बाक फार खोल असला तर उठता येत नाही. ती खुर्ची बरोबर उंचीची होती, नातवाने उचलून उन्हात नेऊन दिली, ऑक्टोबर होता. शेजारी बुद्धिबळ चाललं होतं, एक म्हातारा माणूस आणि एक कॉलेजची मुलगी, दोघांची ओळख नसावी. मी पूर्ण डाव बघितला. मुलगी जिंकली. त्या म्हाताऱ्याने उठून हात मिळवला आणि पटावर सोंगट्या परत मांडल्या. तुमच्या गावच्या प्लॅनमध्ये म्हाताऱ्यांसाठी काय आहे ते विचार ग बाळा. आमच्या वयाला ओपन जिम नको, चार माणसं दिसतील अशी जागा हवी.

दादा_खुर्च्या_चोरीला

सगळं वाचलं. आवडलं. पण खरं सांगा, सुट्या खुर्च्या आपल्याकडे आठवडाभर तरी राहतील का? आमच्या बागेतल्या झोपाळ्याच्या साखळ्या नेल्या भंगारात.

मिडटाऊनकर

दादा, अगदी हीच शंका तिथेही होती, आणि तेव्हाचं ते न्यूयॉर्क आपल्या कुठल्याही गावापेक्षा जास्त चोरांचं होतं. फार थोड्या गेल्या. कारण तिथे सतत वावर आहे आणि दिवसभर फिरणारी माणसं आहेत, जी खुर्ची उलटी पडली तर सरळ करतात, कचरा दोन-दोन मिनिटांत उचलतात. साखळ्या रात्री जातात, निर्मनुष्य बागेत. एकदम हजार नका आणू, पन्नास आणा, रात्री गेटजवळच्या खोलीत रचून ठेवा, सकाळी माळ्याने मांडा.

उद्यान_निवृत्त

महापालिकेच्या उद्यान विभागात नोकरी झाली, निवृत्त होऊन काही वर्षं झाली. थोडं लिहितो.

ब्रायंट पार्कची हिरवळ म्हणजे एकरभर सलग गवत आणि दोन्ही बाजूंना लंडन प्लेन झाडांच्या रांगा. तिथली हवा वेगळी. आपल्याकडे मेक्सिकन लॉन लावतात, पाणी पिते, लोक बसले की टक्कल पडतं, म्हणून मग 'गवतावर बसू नये'चा बोर्ड येतो. म्हणजे बागेचा अर्धा भाग लोकांना बंद. त्यापेक्षा गवत कमी करा आणि सावली वाढवा. करंज, कडुनिंब, कडेला बहावा, मुरमाची दाबलेली जमीन, त्याखाली खुर्च्या. पेव्हर ब्लॉक मे महिन्यात इतका तापतो की संध्याकाळी सात वाजेपर्यंत अंगावर झळ येते, आणि झाडाच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक घट्ट बसवला की मुळांना पाणी जात नाही, चार-पाच वर्षांत झाड वाळायला लागतं. बुंध्याभोवती निदान चार फूट माती मोकळी ठेवायला लिहून द्या. लोखंडी खुर्ची पण उन्हात ठेवू नका, भाजते.

संगीत कारंज्याबद्दल माझा अनुभव एकच आहे, उद्घाटनाला चालतं. मोटर जळते, नोझल चुन्याने बंद होतात, दुरुस्तीला वेगळी निविदा, ती निघेपर्यंत पाणी साचून डास. ब्रायंट पार्कमध्येही कारंजं आहे, जोसेफिन शॉ लोवेल या समाजसेविकेच्या स्मरणार्थ गुलाबी ग्रॅनाइटचं, शंभर वर्षांहून जुनं, आणि ते नुसतं साधं पाणी उडवतं. साधं पाहिजे. माळ्याला दुरुस्त करता येईल असं पाहिजे.

आता खरा मुद्दा. बाग बांधायला पैसे मिळतात, सांभाळायला मिळत नाहीत. सुशोभीकरणाच्या कामात ठेकेदार बिल काढून जातो आणि मागे दोन माळी आणि एक रखवालदार राहतो, तोही दुसऱ्या बागेवर पाठवलेला असतो. मिडटाऊनकर जे दिवसभर हजर असलेल्या माणसाबद्दल लिहितायत ना, ती सगळी बाग त्या माणसावर उभी आहे. तुमच्या भावाने प्लॅनपेक्षा आधी हे विचारावं: देखभालीची तरतूद किती वर्षांची, शौचालय दिवसातून किती वेळा धुणार आणि कोण, माळी किती आणि ते कायम इथेच राहणार का. हे निविदेत लिहिलेलं नसेल तर नंतर कुणीही करत नाही, आम्हालाही करता आलं नाही कारण त्या खर्चाचं हेडच (अंदाजपत्रकातलं खातं) नसायचं.

कट्टा_पश्चिम

साहेब, हे सोन्यासारखं लिहिलंत. उजेडाबद्दल पण सांगा ना. आमच्याकडे बागेत ते रंगीत लाइट लावलेत, माणसाचा चेहरा दिसत नाही.

उद्यान_निवृत्त

रंगीत अजिबात नको. पांढरा किंवा थोडा पिवळसर, वाटेवर सलग, झाडाच्या फांद्यांच्या खाली. दहा-पंधरा पावलांवरून चेहरा ओळखू यावा एवढा. दिवे फांद्यांच्या वर गेले की सगळा उजेड पानांवर आणि खाली अंधार, ही चूक सर्रास होते.

हडसनपार

ब्रायंट पार्कात खांबांशिवाय शेजारच्या एका उंच इमारतीवरूनही प्रकाश सोडलाय, चांदण्यासारखा पसरतो. कितीतरी उन्हाळे सोमवारी रात्री हिरवळीवर सिनेमा दाखवायचे, पाच वाजता गवत उघडलं की माणसं चादरी घेऊन पळायची. सिनेमा संपून मध्यरात्रीच्या आसपास बायका-पोरं निवांत सबवेला चालत जायची. ८६ला हे मला कुणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

मिडटाऊनकर

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाशी आत्ता फोनवर बोलले. तो आणि गल्लीतले चार-पाच जण मिळून अर्ज देणार आहेत: उंच ग्रिलऐवजी कट्टा आणि चारही बाजूंनी वाटा, शौचालय मुख्य गेटजवळ, बाकांबरोबर पन्नास सुट्या खुर्च्या, संगीत कारंजं रद्द करून ते पैसे सावलीला आणि देखभालीला, दुपारी बाग उघडी, झाडांभोवती माती, आणि वाचनालयाची एक गाडी, गावातल्या नगर वाचनालयाने चालवायची. आजी, बुद्धिबळाची टेबलंही घातलीत.

उद्यान साहेब, अर्ज नुसता दिला तर तो फायलीत जाईल अशी त्याला भीती आहे. कसा द्यावा?

उद्यान_निवृत्त

दोन प्रती करा. एक मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, विषयात 'हरकती व सूचना' हे शब्द घाला आणि सूचना मागवल्याच्या जाहिरातीची तारीख लिहा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. सह्या जितक्या जास्त तितक्या बऱ्या, आणि त्यात बायकांच्या निम्म्या तरी असू द्या. मुदत संपायच्या दोन दिवस आधी द्या, शेवटच्या दिवशी आवक लिहिणारा माणूस जागेवर नसतो.